दहीहंडा वेशीवरचे साल

अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिम काठावरच्या जुन्या शहरात असदगडाची दहीहंडा वेस आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा हा किल्ला. वेशीवरच्या शिलालेखाचे साल गॅझेटियरच्या आधाराने हिजरी १११४, म्हणजे इ. स. १६९७, असे सांगितले जाते.

हिशेब मात्र जुळत नाही. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. हिजरी १११४ सुरू झाले ते मे १७०२ मध्ये. म्हणजे एकतर साल वाचताना चूक झाली किंवा रूपांतर करताना.

असा गुंता सोडवायचा तर मूळ वाचन गाठावे लागते, आणि ती वाट विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जाते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झाले, तेव्हा वऱ्हाडाला स्वतःचे अकृषी विद्यापीठ मिळाले. नवखा अभ्यासक तिथल्या सूचीत लेखाचे शीर्षक शोधतो आणि हात हलवत परततो. सूचीत बहुधा नियतकालिकाची नोंद असते, आतल्या लेखांची नसते. त्यात नियतकालिके नाव बदलतात: फारसी-अरबी शिलालेखांचे ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’ची अरबी-फारसी पुरवणी म्हणून निघू लागले. म्हणून खंड, वर्ष, पृष्ठ हाताशी हवे. खंड तिथे नसेल तर ग्रंथपालाकडे आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीची मागणी नोंदवावी.

रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्येच मध्य प्रांत-वऱ्हाडातील शिलालेखांची सूची छापली. अकोल्याच्या अभ्यासकांनी सुरुवात तिथूनच करावी, आणि वेशीचे साल पुन्हा छापण्याआधी मूळ लेख वाचावा.