कोरड्या मुलखातील बेटे

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चोहोंकडून पाण्याने वेढलेली भूमी हा भूगोलाच्या पुस्तकातला. आणि एके जागी दाटून उगवलेला वृक्षसमूह, ज्याला आपण कळकाचे बेट म्हणतो, तो शेतकऱ्याच्या तोंडचा. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पहिल्या अर्थाचे बेट पाहावयाचे झाल्यास बीड शहरातल्या कंकालेश्वराच्या तळ्याशी जावे. तेथे ते प्राचीन, शिल्पसमृद्ध देवालय पाण्याच्या मधोमध उभे आहे. दुसऱ्या अर्थाची बेटे मात्र या जिल्ह्यातील पुष्कळ गावांच्या शिवारात होती. आणि ती कशी टिकली, कशी विरळ झाली व आज कोणाच्या हातून पुन्हा उगवत आहेत, हे सांगू लागले की झाडांच्या आधी जमिनीच्या मालकीची आणि राखणीची गोष्ट सांगावी लागते.

निजामाच्या अमलात, बीड ज्यात होते त्या हैदराबाद संस्थानातील सारी जमीन एका जातीची नव्हती. काही गावे दिवाणीची म्हणजे सरकारी, काही जागीरदारांची, तर काही सर्फेखासची, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी तोडून ठेवलेली होती. याखेरीज देवळाच्या, मशिदीच्या वा दर्ग्याच्या सेवेकरिता नेमून दिलेली खिदमतमाश इनामे होती, आणि कोणा एकाची नसलेली, गावच्या साऱ्या गुरांची गायराने होती. देवाच्या जमिनीतील उभ्या झाडाला कुऱ्हाड लावावयाची नाही, वादळाने पडलेली फांदी भंडाऱ्याच्या चुलीलाच जावयाची, चिंचेचे उत्पन्न पुजाऱ्याने किंवा मुजावराने घ्यावयाचे, आणि सावली मात्र साऱ्या गावाची, त्याचप्रमाणे वाटेने जाणाऱ्या मेंढपाळाचीही, हा जुना रिवाज होता. सनदेत नाव एकाचे असले तरी त्या झाडात प्रत्येकाचा काही ना काही वाटा होता. आणि वाटा होता म्हणूनच राखण होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ साली जागिरी खालसा झाल्या, आणि पुढे इनामे रद्द करणारा कायदा झाला. धार्मिक संस्थांची इनामे मात्र त्यातून वगळली गेली. रयतेच्या दृष्टीने हा फार मोठा न्याय होता आणि त्याबद्दल खंत बाळगण्याचे काहीच कारण नाही. पण जुन्या अमलाबरोबर राखणीची जुनी रीतही सैल झाली, तिच्या जागी नवी रीत बसविण्याचे काम कोणी केले नाही, आणि देवस्थानाच्या जमिनीतही नोंद एकाची, वहिवाट दुसऱ्याची व झाडाची चिंता कोणाचीच नाही, अशी अवस्था जागोजाग आली. त्यात १९७२ सारखा दुष्काळ. ज्या वर्षी दावणीला वैरण नाही आणि चुलीला जळण नाही, त्या वर्षी झाड तोडणाऱ्या माणसाला दोष देणे मला कधी जमलेले नाही.

गेलेले रान परत येऊ शकते, याचा दाखला पहिल्या अर्थाच्या एका बेटावर मिळतो. हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहात कझिन नावाचे एक चिमुकले बेट आहे. नारळाच्या बागेपायी तेथील मूळचे रान गेले, आणि त्या रानातल्या एका लहानशा गाणाऱ्या पक्ष्याची संख्या तिसापर्यंत घसरली. १९६८ साली पक्षिरक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ते बेटच विकत घेतले, नारळ मागे सारला, मूळचे रान येऊ दिले; पक्षी वाढले, आणि पुढे शेजारच्या बेटांवर नेऊन सोडण्याइतके झाले. आज सेशेल्समधीलच एक संस्था त्याची देखभाल करते. त्या बेटाला समुद्राची राखण आहे. आमच्या माळावरील बेटाला चारही बाजूंनी वाट आहे, आणि त्या वाटेने शेळीही येते, कुऱ्हाडही येते व वणवाही येतो.

तरीही खासगी मालकीच्या जमिनीवर असे बेट उभे राहू शकते, हे शिरूर कासार तालुक्यातील तागडगावने दाखविले आहे. तेथे एका कुटुंबाने आपल्या जमिनीवर सर्पराज्ञी हे वन्यजीवांचे केंद्र उभारले. विहिरीत पडलेले, तारेत अडकलेले, कुत्र्यांनी जखमी केलेले जीव तेथे आणले जातात, बरे केले जातात व रानात परत सोडले जातात. सातबारा त्या कुटुंबाच्या नावाचा. पण जखमी मोर दिसताच जो गावकरी तो पोत्यात अलगद गुंडाळून तेथवर पोचवितो, त्याच्यावाचून हे काम एक दिवसही चालणार नाही. सनदेतले नाव एकाचे आणि वाटा सर्वांचा, हा जुना रिवाज मला तेथे नव्या रूपाने दिसतो.

बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर, वनखात्याच्या जमिनीत, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली, आणि १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी तेथे वृक्षसंमेलन भरले, ज्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला देण्यात आले होते. त्या गौरवाचा मला मनापासून आनंद आहे. पण या डोंगरावर वणवाही येऊन गेला आहे, आणि संमेलनापेक्षा अवघड काम पुढचेच आहे. मुरमात खोदलेला हातभर खड्डा, त्यात चार पानांचे वडाचे रोप, भोवती आळे, आळ्यात वाळल्या गवताचे आच्छादन आणि शेळीचे तोंड लागू नये म्हणून रोवलेली बाभळीची काटेरी फांदी: एवढे आषाढात कोणालाही करता येते. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे हजारो कोयते फाल्गुन-चैत्रापर्यंत गावाबाहेर. ज्याने रोप लावले तो पश्चिम महाराष्ट्राच्या फडात असतो आणि रोप इकडे तहानलेले असते. बीडमधील वृक्षलागवडीच्या अपयशाचे हे कारण मला सर्वांत मोठे वाटते. राखणीची मजुरी गावातच मिळाल्याशिवाय ते दूर होणार नाही.

आणखी एक गोष्ट. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरील प्रत्येक उघडा माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. मारवेल आणि कुसळीच्या गवतावर काळवीट जगते, चंडोल घरटे करतो. तेथे सुबाभूळ किंवा गिरिपुष्पाच्या रांगा लावणे म्हणजे निसर्ग परत आणणे नव्हे. जेथे धावडा, सालई, हिवर, सीताफळ होते, तेथे तेच यावे. जेथे गवत होते, तेथे गवत राहू द्यावे. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. ओढा, झुडूप आणि उघडा माळ हे तिन्ही असले तरच मोर अशा रानात नांदतो.

ही बेटे पाहण्यास वाचकांनी श्रावणात जाऊ नये. तेव्हा सारा बालाघाट हिरवा असतो. वैशाखात जावे, आणि जाताना रोपापुरते पाणी बरोबर न्यावे.