दूध कोणाला बाधते? एका घरगुती तक्रारीचा वैद्यकीय इतिहास #थ्रेड

१/ सकाळी पेलाभर दूध घेतले आणि तासाभरात पोटात गुडगुड सुरू झाली, ही तक्रार आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकली असेल. तक्रार फार जुनी आहे. तिचे शास्त्रीय स्पष्टीकरण मात्र जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचे. या अवधीत वैद्यकशास्त्राने दूध आणि पोट यांच्या बाबतीत दोनदा गफलत केली आणि दोन्ही वेळा ती स्वतःच निस्तरली. आजचा धागा त्याविषयी. #इतिहास

२/ हिप्पोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ‘प्राचीन वैद्यक’ या ग्रीक ग्रंथात चीजचे उदाहरण येते. काहींना ते भरपूर खाऊनही बाधत नाही, काहींना बाधते. तेव्हा दोष केवळ चीजचा मानता येणार नाही, खाणाऱ्याच्या शरीरातही काही वेगळे असले पाहिजे, असा तो युक्तिवाद. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या रुग्णासाठी ताकाची महती सांगितली आहे. (ग्रहणी म्हणजेच आजचा अमुक आजार, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळलेला बरा. समाजमाध्यमांवर तो फार लवकर होतो.)

३/ आता थोडे रसायन. दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असते. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर तिचे तुकडे करते, तेव्हाच ती रक्तात शोषली जाते. विकर अपुरे पडले की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. पोट फुगणे, मुरडा, जुलाब ही सारी त्याचीच फळे. विरजणातील जिवाणू यातील काही साखर आधीच संपवतात आणि पोटात गेल्यावरही पचनाला हातभार लावतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही-ताक सोसते.

४/ १९५९ साली मँचेस्टरमधील डॉक्टरांनी लॅक्टोज न पचल्याने कुपोषित झालेल्या अर्भकांची नोंद प्रसिद्ध केली. १९६३ च्या सुमारास प्रौढांतही हे विकर कमी असल्याचे आढळू लागले. पाहणारे बहुतेक डॉक्टर युरोप-अमेरिकेतले, त्यांचे रुग्णही बव्हंशी तिथलेच. त्यामुळे ही ‘कमतरता’ म्हणजे विकृती, हे गृहीतच धरले गेले.

५/ या गृहीतकाला धक्का बसला तो १९६५-६६ मध्ये, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात. थिओडोर बेलेस आणि नॉर्टन रोझेनस्वाइग यांनी १९६६ साली निरोगी प्रौढ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७० टक्के लोकांत लॅक्टेज अपुरे होते, गोऱ्यांपैकी अगदी थोड्यांत. त्याच वर्षी कुक आणि कजुबी यांनी युगांडातील निरनिराळ्या जमातींची पाहणी मांडली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखून दुधावर जगणाऱ्यांत विकर टिकून होते. शेतकरी जमातींत बहुधा नव्हते.

६/ पुढे देशोदेशींचे आकडे आले तसे चित्र पालटले. जगातील बहुसंख्य प्रौढांत लॅक्टेज बालपणानंतर घटते. सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियमच तो. अपवाद आहे तो ते टिकून राहण्याचा. तरीही ‘कमतरता’ हा शब्द बराच काळ रेंगाळला. अपवादालाच मोजपट्टी मानले की उरलेले जग आजारी दिसू लागते. ही पहिली गफलत.

७/ तिचे परिणाम प्रयोगशाळेपुरते नव्हते. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्यानंतर अमेरिकेचे अतिरिक्त धान्य मदत म्हणून जगभर जाऊ लागले, आणि त्या काळातील मदतीत दुधाची भुकटीही होती. काही ठिकाणी लोकांनी तिने भिंती रंगवल्या, अशा कथा मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत आढळतात. कथांचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू; पण ‘दूध म्हणजे सर्वांचे पूर्णान्न’ ही धारणा तपासून पाहण्याची गरज त्यांमुळे अनेकांना प्रथम जाणवली.

८/ आनुवंशिक उलगडा २००२ मध्ये फिनलंडमधून आला: लॅक्टेजच्या जनुकाशेजारील एका अक्षराचा बदल विकर चालू ठेवतो. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत वेगळेच बदल सापडले. म्हणजे हीच क्षमता माणसात एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे उपजली. भारतात मात्र प्रामुख्याने युरोपातलाच बदल आढळतो, आणि वायव्येकडून आग्नेयेकडे जावे तसे त्याचे प्रमाण घटत जाते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील सुमारे २७ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नव्हते, तर दक्षिण भारतातील केंद्रांवरील सुमारे ६७ टक्क्यांना.

९/ मग दूध पचू लागले म्हणून माणूस दूध पिऊ लागला काय? खापऱ्या उलट साक्ष देतात. पोलंडमधील, सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या छिद्रयुक्त भांड्यांत दुधाची स्निग्धद्रव्ये मिळाली. ती चीज गाळण्याची भांडी होती. गुजरातमधील कोटडा भडली या हडप्पाकालीन स्थळीही, इ.स.पू. २५०० च्या सुमारास, दुग्धप्रक्रियेच्या खुणा आहेत. २०२२ मध्ये युरोपातील ५५४ स्थळांच्या खापऱ्या तपासून संशोधकांनी दाखवले, की हा जनुकीय बदल सार्वत्रिक होण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक दूध वापरत होते. निरोगी माणसाला त्याचा त्रास झाला तरी तो बेताचाच. दुष्काळात वा साथीत, खंगलेल्या देहाला जुलाब लागले की मात्र ते जिवावर बेतत, असा त्यांचा तर्क. देहाची अवस्था हा मुद्दा लक्षात ठेवा.

१०/ आता दुसरी गफलत. पोट दुखते, शौचाच्या सवयी बिघडतात, पण तपासणीत आतड्यात काही सापडत नाही, अशा रुग्णांचे काय करायचे हा डॉक्टरांपुढचा जुना पेच. १९६२ मध्ये चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी ऑक्सफर्डमधील अशा १३० रुग्णांचा सविस्तर अभ्यास लिहिला. आज या विकाराला आपण इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस म्हणतो. लॅक्टेजचा शोध ताजा असल्यामुळे आशा निर्माण झाली, की यांतील पुष्कळांचे मूळ दुधातच असेल. ते बंद केले की काम झाले.

११/ साधनही हाती आले. जिवाणूंनी बनवलेला हायड्रोजन रक्तावाटे श्वासात उतरतो, म्हणून फुंकर मोजून निदान करता येते. मायकेल लेव्हिट यांचा याविषयीचा महत्त्वाचा लेख १९६९ चा. (याच लेव्हिट यांनी १९७६ मध्ये, आपण दिवसाला किती वेळा वायू सोडतो याची काटेकोर वही ठेवणाऱ्या एका रुग्णावर लेख लिहिला. सरासरी होती ३४! त्याच्या त्रासामागे लॅक्टोज न पचणे होते. वैद्यकाच्या इतिहासात अशा निष्ठावान रुग्णांचे ऋण मोठे आहे.)

१२/ पण हिशेब जुळेना. श्वासचाचणीत ‘दोषी’ ठरलेल्या कित्येकांना दूध खुशाल चालत होते, आणि ‘निर्दोष’ ठरलेले तक्रार करीत होते. १९९५ मध्ये लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी, दूध मुळीच सोसत नाही असे ठामपणे सांगणाऱ्या ३० जणांना, कोणते ते न कळू देता, रोज एक कप साधे किंवा लॅक्टोज फोडलेले दूध दिले. त्रासात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नऊ जणांना तर लॅक्टोज व्यवस्थित पचत होते. यावरून ‘सारे मनाचे खेळ’ असा निष्कर्ष काढणारे निघालेच. माझ्या मते तो निष्कर्ष उतावळा होता. प्रयोगाने एका कपाचा निवाडा केला होता, रुग्णाच्या वेदनेचा नव्हे.

१३/ वेदनेचा धागा तर १९७३ पासून हाती होता. रिची या इंग्रज डॉक्टरांनी मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्क्यांना दुखले. आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. ताण तोच, जाणीव निराळी.

१४/ दोन्ही धागे एकत्र गुंफले गेले २०१३ मध्ये, चीनमधील हांगचौ येथे. तिथे बहुतेक प्रौढांत लॅक्टेज घटलेलेच असते, त्यामुळे विकराचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. जुलाबप्रधान आयबीएस असलेले ६० रुग्ण आणि ६० निरोगी माणसे यांना वेगवेगळ्या मात्रेत लॅक्टोज दिले. १० ग्रॅमला, म्हणजे साधारण पेलाभर दुधातील साखरेला, ३ टक्के निरोगी लोकांना त्रास झाला, तर रुग्णांपैकी १८ टक्क्यांना. २० ग्रॅमला २२ विरुद्ध ४७. ४० ग्रॅमला मात्र दोन्ही गटांतील बहुतेकांची पोटे कुरकुरली.

१५/ म्हणूनच आता ‘लॅक्टोज न शोषले जाणे’ आणि ‘लॅक्टोज न सोसणे’ या दोन भिन्न गोष्टी मानल्या जातात. पहिली ठरते बहुतांशी जनुकांवरून. दुसरी मात्रा, जिवाणू आणि आतड्याची संवेदनशीलता यांवरून. आयबीएसच्या रुग्णाला ‘तुला काही झालेले नाही’ म्हणणे जितके चूक, तितकेच त्याचे दूध-दही सरसकट तोडून त्याला कॅल्शियमला मुकवणेही. काही आठवडे लॅक्टोज कमी करून पाहावे आणि मग मात्रा हळूहळू वाढवत आपली मर्यादा शोधावी, ही आजची रूढ पद्धत. वजन घटत असेल वा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र असले प्रयोग न करता थेट डॉक्टर गाठावा.

(समाप्त)