मुंबईचे अमेरिकन मिशन आणि प्रतीक्षेचे शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाच्या, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, काही तरुणांनी परदेशी धर्मप्रसाराचा ध्यास घेतला. त्यांच्या पाठबळासाठी 1810 मध्ये जे 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले, त्याने फेब्रुवारी 1812 मध्ये सेलम येथे पाच जणांना दीक्षा देऊन पूर्वेकडे रवाना केले. धर्माचा संदेश कानी पडताच लोक तो स्वीकारतील, अशी त्यांची कल्पना असावी. प्रत्यक्षात या देशाने त्यांना प्रथम शिकवली ती वाट पाहण्याची विद्या, आणि ती त्यांना सहजासहजी साधली नाही.

पहिला अडथळा सरकारी होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात परवान्याविना राहण्यास युरोपीय किंवा अमेरिकन माणसाला मज्जाव होता, आणि धर्मोपदेशकांमुळे रयत बिथरेल ही कंपनीची जुनी भीती होती. त्यात 1812 च्या जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपल्याने कलकत्त्यास उतरलेले हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. पाचांची तोंडे पाच दिशांना झाली. जडसन रंगूनला गेले. न्यूएल मॉरिशसला गेले, जिथे त्यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट त्याच वर्षी मरण पावली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे मात्र फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस पोचले. तेथेही गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांना त्यांना परत पाठवण्याविषयीचे हुकूम होतेच. अर्जविनंत्यांत महिने गेल्यावर दोघे सरकारला न कळवता किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गलबतातून कोचीनकडे निघून गेले, तिथे पकडले गेले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. मिशनच्या स्नेह्यांनी या प्रसंगाला धाडसाचे रूप दिले असले, तरी तो सरळसरळ धीर सुटल्याचाच प्रकार होता, आणि त्याने गव्हर्नरांपुढे त्यांची बाजू लंगडीच झाली. अखेर हॉल यांच्या लेखी विनवणीनंतर 1813 सरताना त्यांना राहू देण्यात आले. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद, म्हणजे राज्यकारभाराचे मुदतबंद अधिकारपत्र, नव्याने देताना मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली होती.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि तो कोणत्याही गव्हर्नराच्या सहीने दूर होणारा नव्हता. बाजारातला हिशेब आणि पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले, पोथ्या बाळबोध म्हणजे देवनागरीत असत, आणि कोकणातला भंडारी, घाटावरचा कुणबी व शहरातला ब्राह्मण यांची बोली एक नव्हती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश तर अजून अठरा वर्षे दूर होता, तो 1831 मध्ये निघाला. सेरामपूरच्या छापखान्यातून बायबलमधील नवा करार मराठीत आधीच बाहेर पडलेला असतानाही मुंबईच्या मंडळींनी स्वतःचे भाषांतर हाती घेतले, यावरून ते या कामाकडे किती गांभीर्याने पाहू लागले होते हे कळते. मिशनचा छापखाना मिशनरी बार्डवेल यांच्या देखरेखीखाली 1817 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या छोट्या पुस्तिकेच्या 1500 प्रती निघाल्या. नवा करार पूर्ण छापून होण्यास 1826 उजाडले.

मधल्या काळात धर्मांतरे मात्र जवळजवळ शून्य होती. अमेरिकेतील देणगीदारांना मासिकांतून वृत्तांत जात, आणि त्या वृत्तांतांत आकडे अपेक्षित असत. पत्र बॉस्टनला पोचून उत्तर परत येण्यास कित्येक महिने लागत, म्हणजे एका शंकेच्या उत्तरासाठीही पाऊण वर्ष थांबावे लागे. तरीही हॉल आणि मधल्या काळात मुंबईत येऊन मिळालेले न्यूएल यांनी 1818 मध्ये जगातील साठ कोटी लोकांच्या धर्मांतरावर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्यासाठी तीस हजार मिशनरी लागतील असा हिशेब मांडला. दर वीस हजारांमागे एक, असे हे गणित बसते. मुंबईत पाच वर्षे घालवूनही गणित बदलले नव्हते, ही त्या काळच्या श्रद्धेची ताकद म्हणावी की डोळेझाक, हे वाचकाने ठरवावे.

त्यांना खरा धीर शाळांनी शिकवला असे दिसते. मिशनने 1815 पासून मराठी शाळा काढल्या, त्यात शिकवण्यास पंतोजी, म्हणजे गावोगावी मुलांना अक्षरे व आकडे गिरवून घेणारे परंपरागत शिक्षक, नेमले. ते पगार घेत, वाचन-लेखन-गणित उत्तम शिकवत आणि स्वतः हिंदूच राहत. मिशनऱ्यांनी हे चालवून घेतले, कारण त्यांच्यावाचून शाळाच चालली नसती. मुलींसाठी मुंबईत 1824 मध्ये शाळा निघाली, आणि 1827 च्या अखेरीस आलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित बाईंनी हे काम आधी मुंबईत व मग अहमदनगरला चौतीस वर्षे केले. 1862 मध्ये त्या नगरलाच मरण पावल्या. त्यांची शाळा पाहण्यास जोतीराव फुले गेले होते. फॅरार यांच्या वर्गांतून किती जणींनी धर्म बदलला हा प्रश्न बोर्डाला महत्त्वाचा वाटला असेल, पण मराठी समाजाच्या इतिहासात त्याचे उत्तर फारसे कामाचे नाही.

हॉल यांना फॅरार यांचे काम पाहता आले नाही. न्यूएल 1821 मध्ये कॉलऱ्याने गेले होते. हॉल 1826 च्या मार्चमध्ये प्रवासात असताना नाशिकच्या परिसरात त्याच रोगाने दगावले, आणि नवा करार पूर्ण छापून झाला तो त्याच वर्षी. मिशन 1831 मध्ये नगरला पसरले, 1839 मध्ये हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणाने तेथे बाप्तिस्मा घेतला, आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक निघू लागले. इतक्या वर्षांनंतरचे हे फळ सेलमच्या दीक्षासमारंभातील अपेक्षेच्या मानाने थोडकेच होते.

छापखान्याची गोष्ट निराळी आहे. गणपत कृष्णाजी मुद्रणकला या मिशनच्या छापखान्यातच शिकले आणि त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले. पुढे दहा वर्षांचा जावजी दादाजी नावाचा पोरगा तिथे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, घासण्याच्या कामाला लागला. 1869 मध्ये त्याने मुंबईत 'निर्णयसागर' छापखाना उघडला, आणि तिथून पोथ्या, पुराणे व संस्कृत ग्रंथ देशभर जाऊ लागले.