गणवेशाच्या चित्रांत नसलेले सैनिक

सैन्य, शस्त्रे आणि गणवेश यांची माहिती देणारी सचित्र पुस्तके मुलांना फार आवडतात. इंग्लंडच्या ऑस्प्रे प्रकाशनाची १९७१ साली सुरू झालेली 'मेन-ॲट-आर्म्स' ही मालिका त्यांतली प्रसिद्ध. कोणते पथक, कोणती बंदूक, डगल्याचा रंग कोणता, हे सारे त्यात बारकाईने दिलेले असते. अशी माहिती बहुधा अचूक असते. पण ती कोणाची मिळते आणि कोणाची मिळत नाही, हेही पाहायला हवे. त्यासाठी खानदेशातलेच एक उदाहरण घेऊ.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांनी ही सत्ता सहजासहजी मानली नाही. नुसत्या मोहिमा काढून भागत नाही हे दिसल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम दिले गेले. त्याने भिल्लांबरोबर शिकारी केल्या, त्यांचा विश्वास मिळवला आणि धरणगाव येथे पलटणीचे ठाणे केले. तीर-कामठा वापरणाऱ्या हातांत आता सरकारी बंदूक आली.

बाण आणि गोळी

ही दोन शस्त्रे शाळेतल्या विज्ञानाने तपासता येतात. ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला आणि तेवढ्याच वजनाची शिशाची गोळी ४०० मीटर वेगाने सुटली, असे धरू. गोळीचा वेग ८ पट आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती मात्र ६४ पट होते: बाणाची सुमारे ३८ ज्यूल, तर गोळीची २४०० ज्यूल.

मग बंदुकीपुढे तीर-कामठा इतकी वर्षे टिकला कसा? त्या काळच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात सैल बसे. बाहेर पडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत येई, त्यामुळे शंभरेक मीटरच्या पुढे नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. कसलेला शिपाईही मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळताना निम्म्याहून अधिक वस्तुमान घनकणांच्या रूपात उरते. त्याचाच दाट पांढरा धूर होऊन शिपायाची जागा उघडी पडे. पावसात दारू भिजण्याचे भय वेगळेच. बाणाला ना धूर, ना आवाज. भिल्लांच्या धनुष्याची काठीच नव्हे, तर दोरीही बांबूची असे. म्हणजे शस्त्राचा कच्चा माल रानातच मिळे.

पुढे रायफल आली. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत सर्पिल खाचा होत्या. दारूच्या दाबाने गोळीचा पोकळ बूड फुगून त्या खाचांत घट्ट बसे, गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि शेकडो मीटरवरचा नेम साधे. १८५७ मध्ये चरबी लावलेल्या काडतुसांवरून असंतोष पेटला, तो याच रायफलीच्या.

एकाच समाजाच्या दोन नोंदी

सेंधवा घाटाच्या वाटेवर पहारा ठेवण्यासाठी खाज्या नाईक सरकारी नोकरीत होता. १८५७ मध्ये तो उठावात उतरला. भीमा नाईकही उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तिच्यानंतर पकडलेल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. १८६० मध्ये खाज्या दग्याने मारला गेला. भीमाची रवानगी अंदमानात झाली. या उठावाविरुद्ध इंग्रजांनी भिल्ल पलटणीलाही उभे केले होते.

पलटणीतल्या भिल्लाची हजेरी, पगार आणि बंदूक कागदोपत्री नोंदली गेली, म्हणून तो लष्करी इतिहासात येऊ शकतो. समोरच्या भिल्लाला ना गणवेश, ना हजेरीपट. त्याच्याबद्दल लिहिले ते त्याला पकडणाऱ्यांनी, आणि त्यात त्याचे वर्णन 'लुटारू' किंवा 'बंडखोर' असे येते. शस्त्र आणि गणवेश यांची चित्रे पाहताना ही उणीव विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवी. आपल्या भागात तर वर्गात बसलेल्या काही मुलांचे पूर्वज याच न लिहिलेल्या पानावरचे असतील.

वर्गात एक उपक्रम करता येईल. फळ्यावर दोन रकाने आखावेत, एक धरणगावच्या शिपायाचा आणि दुसरा अंबापाणीच्या लढवय्याचा. शस्त्र, त्याचा पल्ला, कच्चा माल, पगार, पोशाख आणि 'ही माहिती कोणी लिहिली' असे सहा प्रश्न दोघांनाही लावावेत. दुसऱ्या रकान्यातल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, गावातली गाणी आणि स्थळांची नावे टिपावीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला सहल न्यावी, म्हणजे अस्सल कागद कसा असतो हे मुलांना पाहता येईल. त्यानंतरही ज्या जागा रिकाम्या राहतील, त्या तशाच ठेवाव्यात आणि त्या का राहिल्या यावर वर्गात चर्चा करावी.