द्रोणागिरी आणि सुई

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराविषयी असे सांगितले जाते की, हनुमंत पर्वत घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे पडला. नवी मुंबईच्या त्या उपनगराला नाव मिळाले ते याच डोंगरावरून. आम्हांला त्या कथेतली घाई नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. लक्ष्मण मूर्च्छित, रात्र सरत आलेली. वनस्पती निरखण्यास उसंत नाही, म्हणून सारा पर्वतच उचलला.

१९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी सिद्ध केलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकाची रीत नेमकी उलटी. नावात ‘दर्शक’ असला तरी हे यंत्र पाहत नाही, चाचपते. एका लवचीक पट्टीच्या टोकाची सुई पृष्ठभागावरून ओळीमागून ओळ फिरते आणि तिच्या चढउतारांतून चित्र उभे राहते. जुन्या ग्रामोफोनची सुई आठवावी. मात्र येथे खाचा आधी कोरलेल्या नसतात. आंधळ्याने चेहरा ओळखावा तसा हा प्रकार, आणि म्हणूनच संथ. एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. स्फटिकाचे त्यात काही बिघडत नाही. जिवंत रेणू मात्र तेवढ्यात आपले काम उरकून मोकळा होतो.

मग सुई नुसती वेगाने का फिरवू नये? कारण चढावर ती रेणूला दाबून मोडते आणि उतारावर अधांतरी राहते. पट्टी, तिला हलवणारा स्फटिक, वरखाली करण्याची आज्ञा देणारे विद्युत्‌मंडल, यांत सर्वांत मंद जो, त्याच्याच चालीने सर्वांना चालावे लागते. केवळ एकाला सुधारून भागत नाही. आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. ‘शोध’ या एका शब्दात ती वर्षानुवर्षांची खटपट मावत नाही.

पुणे विद्यापीठात सी. व्ही. धर्माधिकारी यांनी या जातीच्या उपकरणांवर दीर्घकाळ काम केले. वेगाचा ध्यास मात्र प्रामुख्याने परदेशी प्रयोगशाळांनी घेतला. कॅलिफोर्नियात हान्स्मा यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पट्ट्या आखूड केल्या. लहान पट्टी अधिक जलद कंप पावते. जपानमध्ये कानाझावा येथे तोशिओ आंदो यांनी साऱ्याच भागांना हात घातला. सुमारे दहा मायक्रॉन लांबीची पट्टी पाण्यातही सेकंदाला लाखो वेळा कंप पावू लागली, आणि २००१ साली त्यांच्या गटाने १०० बाय १०० बिंदूंचे चित्र ८० मिलिसेकंदांत टिपल्याचे प्रसिद्ध केले.

त्याचे फळ २०१० साली दिसले. मायोसिन-५ हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूवरून ३६ नॅनोमीटरची पावले टाकत चालते, हे अन्य प्रयोगांवरून अनुमानाने ठाऊक होते. आता ती चाल सेकंदाला सुमारे सात चित्रांच्या वेगाने प्रत्यक्ष पाहता आली. एक पाय मागून सुटतो, झुलतो, पुढे टेकतो. आणि मधूनच, अनुमानात कोठेही नसलेले असे काही घडते: पुढचा पाय सुटतो आणि पाऊल न टाकता पुन्हा होता तेथेच टेकतो.