जिप्सम बोर्डची घासाई

जिप्सम बोर्डच्या भिंतीत किंवा छतात दोन बोर्डांच्या सांध्यावर कागदी वा जाळीची पट्टी बसवून जॉइंट कंपाउंडचे साधारण तीन हात देतात. ते वाळल्यावर उंचवटे काढून पृष्ठभाग सपाट करणे, ही घासाई. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंतीच बोर्डाच्या असल्याने हा तिथे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. महाराष्ट्रात ती मुख्यतः फॉल्स सीलिंगच्या कामात दिसते. लांबी भरून पॉलिश पेपर फिरवणाऱ्या रंगाऱ्याला मात्र ही धूळ अनोळखी नाही.

हाताने घासावे की यंत्राने, हा वाद सहसा सफाई आणि वेग यांवर होतो. वस्तुतः आधी पाहायला हवे ते धूळ कुठे जाते हे. कंपाउंडमध्ये चुनखडीची भुकटी, शंखजिरे, अभ्रक, काही वेळा सिलिकाही असते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, घासाई करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी धूळ तिथल्या १५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर या कायदेशीर मर्यादेच्या दहापटीपर्यंत आढळली. घासपट्टीलाच व्हॅक्यूमची नळी जोडणाऱ्या साधनांनी ती ८० ते ९७ टक्क्यांनी घटली. म्हणजे फरक पडतो तो हात की यंत्र यापेक्षा उगमापाशी धूळ ओढली जाते की नाही, यामुळे. व्हॅक्यूमविना फिरणारी चकती सर्वांत वाईट. नळी जोडलेली साधी हातपट्टीही तिच्याहून कितीतरी बरी.

हातकामाचे पुरस्कर्ते म्हणतात, यंत्र कागद फाडते. ते खरे आहे. चकती वाकडी टेकली की बोर्डाचा कागद तंतुमय होतो आणि रंगाखाली उठून दिसतो. गोल चकती कोपऱ्यातही पोहोचत नाही. म्हणून मोठे सलग छत यंत्राने आणि कोपरे, कडा व शेवटची सफाई बाजूने दिवा धरून हाताने, ही विभागणी रास्त ठरते. ओल्या स्पंजने घासल्यास धूळ जवळजवळ उडत नाही, परंतु मोठ्या क्षेत्राला ते संथ पडते आणि रासायनिक क्रियेने घट्ट होणारे कंपाउंड पाण्याने विरघळत नाही. मास्क पुरेसा आहे, हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे: मास्क घालणाऱ्याला वाचवतो, शेजारच्या खोलीतल्या सुताराला नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची साधी पिशवी तर लवकर तुंबते आणि बारीक धूळ मागून परत फेकते. इथे बारीक धुळीसाठीची पिशवी आणि हेपा गाळणी लागते. खाली पडलेली भुकटी कोरड्या झाडूने लोटू नये. अर्थात सर्वांत स्वस्त उपाय थापीत आहे. हात पातळ आणि कडेला विरत जाणारा दिला, तर घासायला उरतेच थोडे.

अमेरिकेत १९७७ मध्ये ग्राहकांसाठीच्या अशा कंपाउंडमध्ये अॅस्बेस्टॉस वापरण्यावर बंदी आली. त्याआधीच्या घरातला सांधा प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय हाताने वा यंत्राने घासू नये.