तेल्हाऱ्याहून मुंबई : अंतर आणि अवधी

अंतर आणि प्रवासास लागणारा अवधी ही दोन स्वतंत्र परिमाणे होत, हे आज गृहीत धरले जाते. मराठीचा जुना शब्दसंग्रह मात्र तसे मानीत नाही. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ शब्दाचा वंशज असून त्याच्या मुळाशी ‘क्रुश्’, म्हणजे ओरडणे, हा धातू आहे. ‘योजन’ शब्दात ‘युज्’, म्हणजे जुंपणे, हा धातू आहे. आणि अरबी मुळाची ‘मजल’ ही तर वस्तुतः उतरण्याची जागा. माणसाचा आवाज, बैलांचा दम आणि रात्रीचा मुक्काम यांनीच अंतर मोजले जाई. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची लांबी 200 कोस व रुंदी 180 कोस दिली आहे, तेल्हाऱ्याच्या ईशान्येचा नरनाळा त्या सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होता. कोसाची लांबी प्रांतोप्रांती बदलत असल्याने हे आकडे मैलांत बसविण्याचा मोह आवरलेला बरा.

ही सांगड प्रथम रेल्वेने मोडली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1867 साली नागपुरास पोहोचली. मुंबईपासून लोहमार्गाने शेगाव सुमारे 547 व अकोला सुमारे 584 कि. मी. तेल्हारा या मार्गावर नाही. तथापि शेगाव तेथून सरळ रेषेत अवघे 31 कि. मी. असल्याने पहिला टप्पा गाडीवाटेचा, पुढचा वेळापत्रकाचा, अशी प्रवासाची विभागणी झाली.

विमानाने तेल्हाऱ्यास बराच काळ काहीच दिले नाही. 30 जानेवारी 1949 रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत. मुंबई-नागपूर हे लोहमार्गाचे 837 कि. मी. अंतर वायुमार्गाने सुमारे 680 कि. मी. भरते. हा मार्ग वऱ्हाडावरून जातो. पण वरून जाणे म्हणजे जवळ येणे नव्हे.

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. (मुंबई-ठाणे रेल्वेही 1853 साली 16 एप्रिललाच धावली होती, हा निव्वळ योगायोग.) सुमारे 542 कि. मी. च्या या उड्डाणास पावणेदोन तासांचा अवधी ठेवण्यात आला. तेल्हारा ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर मात्र सुमारे 467 कि. मी. च आहे. मुंबई पश्चिमेस असता तेल्हाऱ्याच्या प्रवाशाने आधी पूर्वेस जावयाचे, तेही सरळ रेषेत 95 कि. मी.; रस्त्याने त्याहून अधिक. रस्त्यावरील तास, विमानतळावरील प्रतीक्षा आणि उड्डाण यांची बेरीज केली, तर शेगावहून रात्री गाडी धरणारा मनुष्य फारसा मागे राहत नाही, आणि त्याची रात्र झोपेत तरी जाते.

अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी 1943 सालची. तेल्हाऱ्याहून तेथवरचे अंतर बेलोऱ्याच्या निम्म्याच्या आसपास; परंतु तेथील धावपट्टीच्या विस्ताराचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत आला. तेल्हाऱ्याचे मुंबईपासूनचे अंतर म्हणूनच नकाशावर नव्हे, तर शिवणी आणि बेलोरा यांच्या दरम्यान ठरते.